जैवसंवेदक : त्यांची घडण, उपयोग व मर्यादा

ओल्या जमिनीवर युरिया उघडा टाकला म्हणजे दोन-तीन दिवसांत शेतांत नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास येऊं लागतो, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. पैसे मोजून आणलेला नत्र हवेंत उडून चालल्याची ती वर्दी होय. परंतु युरियाचा अमोनिया होतो कशानें, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. तोच युरिया कोरड्या पोत्यांत महिनेच्या महिने राहतो. मग जमिनींत पडतांच त्याला काय होतें? जमिनींतील सूक्ष्म जंतूंनीं व कुजलेल्या पाल्यापाचोळ्यानें सोडलेलें युरिएज नांवाचें एक द्रव्य तेथें असतें, व तें युरियाचा कण फोडून त्यापासून अमोनिया व कर्बवायु करितें. ह्या जातीच्या द्रव्यांस शास्त्रज्ञ एन्झाइम म्हणतात. मराठी पाठ्यपुस्तकांत त्यांस विकर असें नांव आहे. विकरें सजीवांच्या शरीरांत तयार होतात, पण शरीराबाहेर काढलीं तरी कांहीं काळ आपलें काम करीत राहतात. १९२६ सालीं अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत जेम्स सम्नर यांनीं हेंच युरिएज आपल्याकडील अबईच्या भाऊबंदांतल्या एका शेंगेच्या दाण्यांतून काढून त्याचे स्फटिक केले. कोणत्याही विकराचे स्फटिक हातीं येण्याची ती पहिलीच वेळ होती. १९४६ च्या नोबेल पारितोषिकांत त्यांस ह्या कामाबद्दल वांटा मिळाला.

विकरांचा एक गुण असा कीं, त्यांची ओळख फार नेमकी असते. युरिएजपुढें साखर ठेवा, मीठ ठेवा, तें ढिम्म हालत नाहीं. युरियाचा अंश दिसला मात्र, कीं तें कामाला लागतें. आपला तागडीचा कांटा वजन बरोबर करील, परंतु पारड्यांत ज्वारी आहे कीं वाळूचे खडे आहेत हें त्याला कळत नाहीं. जिवंत सृष्टींतून घेतलेल्या ओळखणाऱ्या द्रव्याची व मोजणाऱ्या विजेच्या तारेची सांगड घालून जें उपकरण बनतें त्यास जैवसंवेदक म्हणतात. ओळख विकरानें पटवावयाची व आंकडा विजेनें सांगावयाचा, अशी ही कामाची वांटणी आहे.

ही सांगड प्रथम घातली ती लिलंड क्लार्क ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें. रक्तांतील प्राणवायु मोजण्यासाठीं प्लॅटिनमची तार थेट रक्तांत बुडविली तर रक्तांतील इतर द्रव्यें तिला माखून टाकीत व आंकडा बिघडे. क्लार्क यांनीं तारेच्या टोंकावर प्लॅस्टिकचा पातळ पडदा ताणून बसविला. त्यांतून प्राणवायु आंत शिरे, बाकीचा मळ बाहेर राही. हें १९५६ सालीं प्रसिद्ध झालें. पुढें १९६२ सालीं त्यांनीं ह्याच उपकरणाच्या टोंकाशीं पडद्याआड ग्लुकोज ऑक्सिडेज ह्या विकराचा थर बसविण्याची युक्ति मांडली. हें विकर ग्लुकोज साखरेला गांठतें व तिचें रूपांतर करतांना प्राणवायु खर्च करितें. रक्तांत साखर जितकी अधिक, तितका टोंकाजवळचा प्राणवायु कमी; आणि प्राणवायु मोजण्याचें साधन तर आधींच तयार होतें! आमच्या मतें ह्या शोधाचें खरें मर्म येथें आहे. क्लार्क यांनीं साखर मोजण्याचें नवें यंत्र शोधलेंच नाहीं. साखरेची हकीकत जुन्या यंत्राला समजेल अशा बोलींत सांगणारा दुभाष्या त्यांनीं मध्यें बसविला. हा दुभाष्याही आपल्या ओळखीचाच आहे. चाळींतल्या कांद्यावर जी काळी बुरशी धरते, त्याच जातीच्या बुरशीपासून हें विकर कारखान्यांत काढितात.

१९७५ सालीं ओहायोंतील येलो स्प्रिंग्ज येथील एका कंपनीनें ह्या तत्त्वावरचें यंत्र बाजारांत आणलें. परंतु तें प्रयोगशाळेच्या टेबलावरचें होतें. घरोघरीं जावयास एक अडचण होती. रक्तांतला प्राणवायु स्वतःच कमीजास्त होतो, तेव्हां त्याच्या भरंवशावर साखरेचा हिशेब चुके. १९८४ सालीं इंग्लंडांतील क्रॅनफील्ड व ऑक्सफर्ड येथील शास्त्रज्ञांनीं प्राणवायूच्या जागीं फेरोसीन नांवाचें लोहयुक्त द्रव्य योजून दाखविलें. तें विकरापासून विजेचे कण उचलतें व तारेवर नेऊन टाकतें. १९८७ मध्यें ह्या पद्धतीचें लेखणीएवढें उपकरण व एकदां वापरून टाकून देण्याच्या पट्ट्या विक्रीस आल्या. आज मधुमेही माणसाच्या घरीं जें ग्लुकोमीटर असतें, तें ह्याच वंशांतलें होय.

आतां आपल्या घरांतल्या ह्या यंत्राविषयीं थोडें. पट्टीवर वाळवून बसविलेलें विकर हें सजीवांपासून आलेलें द्रव्य आहे, हें विसरूं नये. ऊन व दमट हवा त्याला मानवत नाहीं. पट्ट्यांची डबी उघडी ठेवणें, उन्हांतल्या गाडींत टाकणें किंवा मुदत उलटलेल्या पट्ट्या वापरणें म्हणजे उगवणशक्ति गेलेलें बियाणें पेरून उताऱ्याची वाट पाहणें होय. दुसरें असें कीं, विकर साखर ओळखतें, परंतु ती रक्तांतली कीं कातडीवरली हें त्याला कळत नाहीं. द्राक्षें खुडून किंवा केळें सोलून हात न धुतां बोट टोंचलें, तर आंकडा भलताच वर जातो. ज्यांच्या अंगांत रक्त कमी आहे त्यांचा आंकडा पुष्कळदां खऱ्यापेक्षां जास्त येतो. आपल्याकडील बायकांच्या बाबतींत ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालावी. शिवाय यंत्राचा आंकडा म्हणजे तोळ्यामाशाचें वजन नव्हे. २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणें साखर १०० किंवा अधिक असतांना शंभरांतून ९५ वेळां तो प्रयोगशाळेच्या आंकड्यापासून शेंकडा १५ च्या आंत असला म्हणजे यंत्र चांगलें समजतात. म्हणजे खरी साखर २०० असतांना यंत्रानें १७० किंवा २३० दाखविलें तरी तें दोषी ठरत नाहीं. तेव्हां एका आंकड्यावरून आपल्या मनानें औषध कमीजास्त करूं नये.

कारखान्यांतही हे संवेदक कामास येतात. जेथें पिंपांत आंबवण चालतें, तेथें साखर किती उरली हें घटकाघटकाला कळणें पैशाच्या दृष्टीनें महत्त्वाचें असतें. ऊंसाची साखर मात्र ग्लुकोज ऑक्सिडेजला दिसत नाहीं. तिच्याकरितां इन्व्हर्टेज हें दुसरें विकर आधीं लावून तिचे दोन तुकडे करावे लागतात.

परंतु शेतकऱ्याला अधिक जवळचा विषय कारखान्याच्या आंत नसून बाहेर, ओढ्यांत आहे. मळीचें सांडपाणी किती घाण आहे हें ठरविण्यासाठीं तें कुजतांना जंतु किती प्राणवायु खातात हें पाहतात. आपल्याकडील मानकाप्रमाणें ह्या तपासणीस २७ अंश उष्णतेंत ३ दिवस लागतात. अन्यत्र २० अंशांत ५ दिवसांची रीत आहे. तीन दिवसांनीं उत्तर येईपर्यंत तें पाणी खालच्या गांवाच्या विहिरी गांठतें. जपानांत करूबे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७७ मध्यें जिवंत जंतूंचाच थर क्लार्कच्या इलेक्ट्रोडवर बसवून तासाभरांत अंदाज देणारा संवेदक तयार केला. कल्पना उत्तम आहे, पण दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. जंतूंना जें चटकन् खातां येतें तेंच ह्या यंत्राला दिसतें. चोयट्या-भुश्श्यासारखा सावकाश कुजणारा मळ त्याच्या हिशेबांत येत नाहीं. आणि पाण्यांतून एखादें जालीम विष आलें तर जंतु मरून प्राणवायु खाणें थांबवितात, व यंत्र त्याच पाण्याला स्वच्छतेचा दाखला देऊन मोकळें होतें! अशा यंत्राचा कागद कोणी पुढें केला, तर जंतु जिवंत असल्याची खात्री केव्हां करून घेतली होती, हें अवश्य विचारावें.

आतां आमच्या बागाईतदार वाचकांच्या नेहमींच्या प्रश्नाकडे वळूं. रक्ताच्या एका थेंबावरून साखर कळते, तर द्राक्षाच्या एका मण्यावरून औषधाचा उरलेला अंश बांधावरच कां कळूं नये? हा प्रयत्न पुष्कळ ठिकाणीं झाला आहे. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेंतही ह्या दिशेनें संशोधन झालें आहे. त्यासाठीं कोलिनएस्टरेज हें विकर घेतात. प्राण्यांच्या मज्जातंतूंत हेंच विकर असतें, व सेंद्रिय स्फुरद आणि कार्बामेट गटांतील कीटकनाशकें त्याचेंच काम बंद पाडून किडीला मारतात. अर्थात् संवेदकावरील विकर नमुन्याच्या स्पर्शानें मंदावलें, तर नमुन्यांत विष आहे असें समजावयाचें. येथें विकर विषाला ओळखीत नाहीं, विषानें तें घायाळ होतें. ग्लुकोजच्या संवेदकाहून हा मोठाच फरक आहे. घाव कोणत्या औषधाचा हें त्याला सांगतां येत नाहीं, आणि परदेशचा कायदा तर प्रत्येक औषधाचें नांव घेऊन मर्यादा घालतो. २०१० सालीं आपलीं द्राक्षें युरोपांत अडकलीं तीं क्लोरमेक्वाट, म्हणजे बागाईतदारांच्या बोलण्यांतल्या सी. सी. सी. च्या अंशामुळें. तें कीटकनाशक नव्हे, वाढ आवरणारें द्रव्य आहे; ह्या संवेदकाचें तें लक्ष्यच नव्हे.

प्रमाणाचाही विचार करावा. निरोगी माणसाच्या रक्तांत लिटरला सुमारें १ ग्रॅम साखर असते. युरोपांत ज्या औषधाला वेगळी मर्यादा घातलेली नाहीं त्याला किलोस ०·०१ मिलिग्रॅम इतकीच मुभा आहे. म्हणजे दहा-दहा टनांच्या दहा मालमोटारी भरून द्राक्षें घेतलीं, तर त्या सर्वांत मिळून १ ग्रॅम. एक लाख पटीनें बारीक असलेली वस्तु सालीच्या व रसाच्या गर्दींतून शोधावयाची आहे. म्हणून मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रासारख्या प्रयोगशाळांत जीं मोठीं यंत्रें आहेत, त्यांची जागा हातांतला संवेदक इतक्यांत घेईल असें आम्हांस वाटत नाहीं. ‘पट्टी बुडवा व निर्यात करा’ असें सांगणाऱ्या विक्रेत्याला आपण कोणत्या औषधाचा, किलोस किती मिलिग्रॅमपर्यंतचा अंश दाखवितां, एवढें लेखी विचारावें.

मात्र ह्याच विकराचा एक उपयोग असा आहे कीं, जो फळापेक्षां आधीं व्हावयास हवा होता. माणसाच्या रक्तांतही कोलिनएस्टरेज असतें. फवारणी करणाऱ्याच्या अंगांत वरील दोन गटांतलें औषध भिनूं लागलें म्हणजे हें विकर मंदावतें, व सावकाश होणाऱ्या विषबाधेंत पुष्कळदां माणूस खालीं पडण्याच्या पूर्वीच तें कळूं शकतें. येथें लाखांशाचा शोध घ्यावा लागत नाहीं. फवारणाऱ्याचें रक्त हाच तयार संवेदक आहे, कोणी वाचील तर. कॅलिफोर्निया प्रांतांत १९७४ पासून हीं औषधें नेहमीं हाताळणाऱ्या मजुरांच्या रक्ताची अशी तपासणी कायद्यानें होते. हंगामापूर्वी, औषधाचा संपर्क नसतांना, प्रत्येकाचा मूळ आंकडा काढून ठेवितात, कारण तो माणसागणिक निराळा असतो. तांबड्या पेशींतील विकर मूळच्या शेंकडा ७० वर किंवा रक्तद्रवांतील विकर शेंकडा ६० वर आलें कीं मजुराला त्या कामावरून काढून दुसरें काम देतात, व तें पुन्हां ८० वर चढेपर्यंत पंपाला हात लावूं देत नाहींत. तांबड्या पेशींतील तूट भरावयास वेळ लागतो. रोज सुमारें शेंकडा १ ह्या गतीनें ती भरते.

२०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारतांना विषबाधा होऊन कित्येक शेतकरी व मजूर दगावले. त्यांतील किती जणांचा मूळ आंकडा कोठें नोंदलेला होता? बोटाच्या थेंबावर ही तपासणी करणारीं हातांत मावणारीं उपकरणें निघालेलीं आहेत, व मोठ्या गांवांतील रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळांतूनही ती होते. ज्या वाचकांच्या शेतीवर गडी लावून फवारणी होते, त्यांनीं पहिल्या फवारणीपूर्वी गड्याच्या व स्वतःच्या रक्ताची ही तपासणी करवून आंकडा तारखेसह लिहून ठेवावा. रक्त दूर पाठवावयाचें असेल तर बर्फांत पाठवावें, नाहीं तर वाटेंतच आंकडा बदलतो. हंगामांत पुढची तपासणी त्याच प्रयोगशाळेंत व त्याच पद्धतीनें व्हावी, कारण निरनिराळ्या पद्धतींचे आंकडे एकमेकांशीं जुळत नाहींत. ह्या दोन गटांबाहेरचीं औषधें बाजारांत पुष्कळ आहेत. त्यांची बाधा ह्या आंकड्यांत उमटत नाहीं. आणि फवारणाऱ्याच्या तोंडाला लाळ सुटली, डोळ्यांची बाहुली बारीक झाली, घाम व उलटी होऊं लागली किंवा श्वास जड झाला, तर तपासणीच्या कागदाची वाट न पाहतां त्याचे भिजलेले कपडे उतरवावे, अंग साबणानें धुवावें, व औषधाची बाटली बरोबर घेऊन त्यास तडक दवाखान्यांत न्यावें.