घोड्याचे वजन आणि शिंप्याचा टेप

माथेरानात खाजगी मोटारींना बंदी आहे. तेथील घोडेवाल्याचे भांडवल म्हणजे त्याचा घोडा. तो खंगला की मालक चंदी वाढवतो. हा हिशेब उलटा पडतो. घोड्याचे पोट लहान. एकदम जास्त हरभरा किंवा जव घातले तर पोटशूळ उठतो, खुरांच्या आत सूज येऊन जनावर कायमचे लंगडू शकते.

आधी मोजमाप करा. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी घ्या. शिंप्याचा टेप 150 सेंटिमीटरचा, अपुरा पडला तर सुतळी लावा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11880. घेर 145 आणि लांबी 140 असेल तर वजन सुमारे 248 किलो. अशा घोड्याला रोज 5 किलोच्या आसपास सुके गवत हवे, तेही तीन-चार वेळा विभागून.

तोंडातून चघळलेल्या चाऱ्याचे बोळे पडत असतील, लिदीत अख्खे दाणे दिसत असतील, तर आधी दात दाखवा. नाहीतर चंदीचा पैसा लिदीत जातो!

पावसाळ्यात धंदा थंडावतो, तोबरा मात्र तेवढाच राहतो. काम घटले की चंदी घटवा, चारा नव्हे. फासळ्या दिसू नयेत, पण हात फिरवताच लागाव्यात. दर पंधरवड्याला टेप लावून आकडा वहीत मांडावा.