पाटीवर बंदी

न्यू जर्सीतल्या विलिंगबरो टाउनशिपमध्ये लेविट कंपनीने १९५८ पासून घरं विकायला काढली, तीही फक्त गोऱ्यांना. १९६० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला भेदभावविरोधी कायदा लागू केला, तेव्हा कुठे दारं उघडली. १९७३ पर्यंत गौरेतर रहिवासी १८ टक्क्यांवर गेले. गोरे घाबरून घरं विकून टाकतील या धास्तीने १९७४ मध्ये अंगणातल्या ‘घर विकणे आहे’ या पाट्यांवरच बंदी आली. हेतू मिश्र वस्ती टिकवण्याचा होता, हे मान्य; पण घबराटीने विक्री होत असल्याचा पुरावा नव्हता, आणि पाटी नसली तरी वर्तमानपत्रं नि दलाल होतेच की! १९७७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बंदी रद्द ठरवली; निकाल लिहिला त्या न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी.