पानिपत आणि इतिहासाचा विद्यार्थी

तिळगूळ वांटतांना घरोघरीं पानिपताची आठवण निघते. मराठ्यांवर संक्रांत कोसळली ती याच सणाच्या दिवशीं, असें मुलें ऐकतात आणि परीक्षेंतही तसेंच लिहितात. इतिहास कसा अभ्यासावा असें कोणीं विचारलें, तर आम्ही याच समजुतीपासून आरंभ करूं.

युद्ध झालें 14 जानेवारी 1761 रोजीं. त्या दिवशीं शके 1682, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार होता. संक्रांत मात्र इंग्रजी तारखेस कायमची बांधलेली नाहीं. अयनचलनामुळें ती सुमारें 70 वर्षांत एक दिवस पुढें सरकते. 1863 सालीं ती 12 जानेवारीस होती. स्वामी विवेकानंदांचा जन्म त्याच दिवशींचा. 1761 सालीं ती त्याहूनही आधीं, म्हणजे युद्धापूर्वींच होऊन गेली होती. वाक्प्रचार भाषेंत सुखानें नांदो. इतिहासांत तो पुरावा नव्हे.

मग पराभव कां झाला? बखर वाचणारा म्हणतो, भाऊसाहेबांच्या हट्टामुळें. बखर रसाळ खरी, पण ती बहुधा शेवट ठाऊक झाल्यावर लिहिलेली असते. राजवाड्यांनीं 1898 सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' याचा पहिला खंड काढून त्या काळचीं अस्सल पत्रें छापलीं. पत्र लिहिणारास उद्यां काय होणार हें ठाऊक नसतें; तेंच त्या पत्राचें मोल. भाऊसाहेब गोविंदपंत बुंदेल्यांस पैसा व रसद यांसाठीं वारंवार लिहितात, हें वाचलें म्हणजे हट्टापेक्षां दाण्याचा प्रश्न मोठा वाटूं लागतो.

ऑक्टोबर 1760 मध्यें मराठ्यांनीं कुंजपुरा घेतला. त्याच महिन्यांत अब्दाली बागपताजवळ यमुना उतरला व दिल्लीची वाट तुटली. डिसेंबरांत गोविंदपंत मारले गेले. शुजाउद्दौला अब्दालीस मिळालेला, सुरजमल जाट दूर राहिलेला. त्यांत छावणींत लढणारांखेरीज यात्रेकरू, बायकामुलें व बाजारबुणगे यांचीं हजारों तोंडें. अखेर उपाशी फौजेस लढण्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं. येथें राजकारण, युद्धशास्त्र व समाजस्थिति एकाच दोराचे तीन पदर होतात. एक पदर उलगडून सर्व दोर समजत नाहीं.

तथापि सर्व दोष एकाच्या माथीं मारण्याची आपली हौस फिटत नाहीं. कोणी भाऊसाहेबांस दूषण देतो, कोणी मल्हारराव होळकरांस. आणि बहुधा ज्याला जें घराणें प्रिय, तें तेवढें निर्दोष ठरतें. ही वकिली झाली, अभ्यास नव्हे. पानिपतावर मराठेशाही बुडाली हेंही असेंच घाईचें विधान. 1771 सालीं महादजी शिंद्यांच्या फौजा पुन्हा दिल्लींत होत्या.

निराधार कांहीं लिहिणार नाहीं, अशी प्रतिज्ञा टीकाकार मल्लिनाथानें केली होती. इतिहासाच्या विद्यार्थ्यानें तीच करावी. हें कोणीं लिहिलें, केव्हां लिहिलें, आणि तसें लिहिण्यांत त्याचा स्वार्थ कोणता, हे तीन प्रश्न त्यानें प्रत्येक कागदास विचारावे. आणि उत्तर आपल्या अभिमानास बोंचलें, तरीही तें वहींत जसेंच्या तसें उतरून घ्यावें. घरांतील वडील माणसांनींही मुलानें 'कशावरून?' असें विचारतांच त्यास उद्धट म्हणूं नये.