बोट लागेपर्यंत

धोबीतलावला मेट्रो सिनेमाजवळ जेर महाल नावाची जुनी इमारत आहे. तिच्यात गोव्यातल्या वेगवेगळ्या गावांचे क्लब आहेत. ठाकूरद्वार, चिराबाजार, दाबूळ या गिरगावच्या भागातही असे क्लब निघाले. गोंयकार त्यांना ‘कूड’ म्हणतात. परदेशी नोकरीसाठी घर सोडणाऱ्या गरीब माणसाला नेमकं काय महाग पडतं, ते या कुडींचा कारभार पाहिला की कळतं. प्रवासाचं भाडं त्याला द्यावं लागत नसे, कारण बोटीवर तो कामगार म्हणूनच चढे. महाग पडे ते बोट मिळेपर्यंत मुंबईत राहणं.

गाव सोडायची कारणं शेतीत होती. गोव्याच्या सासष्टी-बारदेशातली बरीचशी जमीन भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, आणि कोमुनिदादींच्या, म्हणजे गावच्या सामायिक जमीन-संस्थांच्या, हातात होती. मुंडकाराचं, म्हणजे कुळाचं, घरच भाटकाराच्या जमिनीवर, त्यामुळे त्याच्या शब्दाबाहेर जाणं कठीण. 1878च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानं मिठाची मक्तेदारी इंग्रजांकडे गेली आणि मिठागरांवर जगणाऱ्यांना फटका बसला. सासष्टीतला तरुण मुंबईला निघाला तो असा.

इथं गोदीत कामाच्या वाटण्या आधीच ठरल्या होत्या. पी अँड ओसारख्या कंपन्यांच्या बोटींवर डेकवरचे खलाशी बहुतेक रत्नागिरी आणि गुजरातच्या किनाऱ्यावरचे, इंजिनखोलीत पंजाब-सरहद्दीकडचे आणि सलूनमध्ये, म्हणजे स्वयंपाक, वाढप आणि केबिनच्या कामाला, गोव्याचे ख्रिस्ती. गोमांस, डुकराचं मांस, दारू यांपैकी कशालाच हात लावायला त्यांची हरकत नव्हती, हे मोठं कारण. एकदा वाट पडली की भाऊ भावाला, मामा भाच्याला घेऊन येई.

पण मुंबईत पाय ठेवल्याबरोबर बोट लागत नसे. महिनेच्या महिने जात. त्या काळात खोलीचं भाडं भरलं तर कर्ज चढणार आणि पुढचा पगार त्याच्या व्याजातच जाणार. यावर गावानं काढलेला तोडगा म्हणजे कूड. गावकऱ्यांनी वर्गणी करून एक मोठी खोली भाड्यानं घ्यायची. सभासद फक्त त्याच गावचा. काही ठिकाणी वाडा आणि जातही पाहिली जाई, हे लपवण्यात अर्थ नाही. महिन्याची वर्गणी अगदी थोडी. भिंतीला लागून प्रत्येकाची पेटी, रात्री जमिनीवर चटई. एका टोकाला वेदी आणि गावच्या संताची मूर्ती. संध्याकाळी रोझरीला हजर राहायचं, कारभार निवडलेल्या मंडळींनी पाहायचा, वेळेचे आणि वागण्याचे नियम पाळायचे. माणूस बोटीवर गेला तरी पेटी कुडीतच राही आणि उतरल्यावर त्याची जागा त्याला परत मिळे. कोणत्या बोटीला माणसं हवीत, कोणता बटलर भरती करतोय, ही खबरही इथंच पहिल्यांदा पोचे. माझ्या मते वर्गणीच्या सवलतीइतकीच ही खबर मोलाची होती.

खबर मिळाली तरी पुढे दलाल आणि घाट सारंग, म्हणजे खलाशी पुरवणारे मुकादम, बसलेले असत. जागा द्यायला ते पैसे घेत. हातात नसले तर उसने देत आणि पगारातून वसूल करत. म्हणजे माणूस बोटीवर चढायच्या आधीच देणेकरी. वर युरोपियन खलाशाच्या तुलनेत पगार कितीतरी कमी. 1920 साली जेनोव्हा बंदरात भरलेल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेनं ठराव केला, की खलाशांना काम मिळवून देणं हा नफ्याचा धंदा असू नये आणि त्यांच्याकडून शुल्क घेऊ नये. मुंबईत खलाशांसाठी सरकारी भरती कार्यालय यायला मात्र 1950चं दशक उजाडलं. तिथं नाव नोंदवायचं आणि पाळीनं बोलावणं येईपर्यंत थांबायचं. वशिला कमी झाला, थांबणं राहिलंच. कुडीची गरजही राहिली.

लालबाग-परळला जाऊन पाहिलं तर हीच रचना वेगळ्या रूपात दिसते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातून गिरणीत आलेले चाकरमानी गावकरी मंडळाच्या गाळ्यात पाळीपाळीनं झोपत, खाणावळीत जेवत आणि गावाला मनीऑर्डर करत. बदली कामगाराला रोज काम मिळेलच असं नव्हतं; ते मिळेपर्यंत गाळा त्याला तगवी. 18 जानेवारी 1982ला सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्यांचं काम ओसरलं.

बोटीची वाट मात्र सुरूच आहे. आज मुंबईतून बोटीवर, विशेषतः क्रूझवर जाणाऱ्यांसाठी नियम स्पष्ट आहे. भरती करणाऱ्या संस्थेकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो आणि खलाशाकडून नोकरीसाठी शुल्क घेता येत नाही. भारतानं 2015मध्ये मान्य केलेला सागरी कामगार करारही हेच सांगतो. जमिनीवरच्या नोकरीसाठी आखाताकडे जाणाऱ्यांचा कायदा वेगळा, 1983चा; त्यात नोंदणीकृत एजंटाला शुल्क घेता येतं, पण त्याला सरकारनं घातलेली मर्यादा आहे. तरीही लाखांत रक्कम मागणारे भेटतात, आणि घरचं सोनं गहाण ठेवून ती देणारेही. म्हणून बोटीवर जाणाऱ्यानं पैशाची गोष्ट निघण्याआधी परवान्याचा क्रमांक विचारावा, तो महासंचालनालयाच्या यादीत आहे का ते स्वतः तपासावं, आणि करारातलं बोटीचं नाव, पगार व मुदत वाचल्याशिवाय सही करू नये.