मॉडेल रेल्वेतला कारखाना आणि त्याचे पाइप

पुण्याला कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांचे छोट्या रेल्वेगाड्यांचे संग्रहालय १९९८ साली खुले झाले. शाळेची सहल तेथे जाऊन आली की पुढच्या विज्ञान प्रदर्शनात एखादी रेल्वे हमखास दिसते. रूळ, बोगदा, स्टेशन सारे जमते. मग रुळांच्या कडेला एक कारखाना ठेवतात आणि तो खरा वाटावा म्हणून चार तारा वाकवून पाइप म्हणून चिकटवतात. त्यातून काय वाहते, असे विचारले की मुले गप्प! खरे तर शिकण्यासारखे पुष्कळसे याच तारांमध्ये दडलेले असते.

मावळातल्या शिरगावकरांना उदाहरणासाठी लांब जायला नको. जवळच कासारसाई-दारुंब्रे येथे संत तुकाराम सहकारी साखर कारखाना आहे. साखर कारखान्यात उसाचा रस आटवून पाक करतात. रसात शेकडा १५ भाग विद्राव्य घन पदार्थ आणि पाकात ६० धरले, तर १०० टन रसाचा २५ टन पाक होतो. ७५ टन पाणी वाफ होऊन जाते. म्हणजे रस आणणारा पाइप जाड हवा, पाक नेणारा बारीक. आटवण्याच्या टाक्या एकापुढे एक असतात आणि शेवटच्या टाकीत निर्वात राखतात, म्हणजे रस कमी तापमानाला उकळतो. पण दाब कमी म्हणजे वाफेचे आकारमान जास्त. वातावरणाच्या दाबाला १ किलो वाफ सुमारे १.७ घनमीटर जागा व्यापते, तीच ०.१५ बार दाबाला सुमारे १० घनमीटर! म्हणून शेवटच्या टाकीवरचा वाफेचा पाइप भलताच लठ्ठ असतो. मॉडेलमध्ये सगळे पाइप एकाच तारेचे केले की ही सारी गोष्टच हरवते.

आता मापे पाहू. एच-ओ प्रमाणात वस्तू ८७ पट लहान होते. ६ इंची पाइपचा बाहेरचा व्यास १६८ मिलिमीटर असतो. त्याला ८७ ने भागले की जेमतेम २ मिलिमीटर, म्हणजे सायकलची तार. १० इंचीसाठी बॉलपेनची रिकामी रिफिल चालते. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या पातळ चकत्या कापून त्यावर चढवल्या की फ्लँज दिसू लागतात. एक पथ्य मात्र पाळावे: तार पकडीने काटकोनात मोडू नये. खऱ्या पाइपचा एल्बो बहुधा पाइपच्या व्यासाच्या दीडपट त्रिज्येने वळतो. योग्य जाडीच्या खिळ्याभोवती तांब्याची तार वळवली की तसाच बाक येतो.

वाफेचा लांब पाइप मध्येच चौकोनी वळसा घेऊन पुन्हा आपल्या रेषेवर येतो, हे अनेकांनी पाहिले असेल. तो वळसा शोभेचा नव्हे. पोलाद दर अंशाला लांबीच्या दशलक्षात सुमारे १२ भाग प्रसरण पावते. ३० मीटर पाइप ३० अंशांवरून १८० अंशांवर गेला की ५.४ सेंटिमीटर वाढतो. दोन्ही टोके जखडलेली असतील तर ही वाढ जाणार कुठे? वळसा थोडा दबतो आणि ती सामावून घेतो. मॉडेलमध्ये ती वाढ ०.६ मिलिमीटर, म्हणजे दाखवता न येण्याजोगी. पण वळसा दाखवता येतो. आधारही विचारपूर्वक द्यावेत. पाइपने वजन टेकवावे पण सरकायलाही मोकळे असावे, एवढे काम त्यांना करायचे असते.

आधार हा शब्द हलक्याने घेऊ नये. इंग्लंडमध्ये फ्लिक्सबरो येथील रासायनिक कारखान्यात एक टाकी काढून शेजारच्या दोन टाक्या तात्पुरत्या पाइपने जोडल्या होत्या. आराखडा म्हणून कारखान्याच्या फरशीवर खडूने काढलेली आकृती, आणि आधाराला बांधकामाची परांची. १ जून १९७४ रोजी तो पाइप निखळला, सायक्लोहेक्झेनच्या वाफेचा ढग पेटला आणि २८ माणसे मेली. पाइप २० इंची होता. आपल्या मॉडेलमध्ये तो शीतपेय पिण्याच्या नळीएवढा भरेल. मोठ्या वर्गात ही हकिकत जरूर सांगावी.

रंगाच्या बाबतीत मुलांना मनसोक्त वागू देण्याचा मोह टाळावा. भारतीय मानकाप्रमाणे पाण्याला समुद्री हिरवा, वाफेला रुपेरी करडा, हवेला आकाशी, तेलाला फिकट तपकिरी, आम्लांना जांभळा असे रंग ठरलेले आहेत. वाफेच्या पाइपवर उष्णतारोधक थर आणि वरून ॲल्युमिनियमचा पत्रा असतो. त्यासाठी चॉकलेटची चांदी गुंडाळली की काम होते. थरामुळे पाइप जाड दिसतो, तेव्हा आतली तार एक माप बारीक घ्यावी.

राहता राहिली आपली रेल्वे. कारखान्याच्या साइडिंगवरून पाइप न्यायचा तर त्याखालून गाडी जायला हवी. आपल्या ब्रॉडगेजवर गाडीच्या उंचीची मर्यादा सव्वाचार मीटरच्या आसपास, म्हणजे मॉडेलमध्ये ५ सेंटिमीटर. पाइपचा पूल रुळांपासून ६-७ सेंटिमीटर उंच करावा आणि चिकटवण्याआधी सर्वांत उंच डबा एकदा हाताने ढकलून पाहावा.