कर्सिव्हमध्ये आधी जोड शिकवा

नेरूळ-खारघरच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांत मूल सीनियर केजी किंवा पहिलीत आलं की दप्तरात चार रेघी वही येते. मराठी माध्यमात शिकलेले आईबाबा संध्याकाळी ती उघडतात आणि ‘ए’पासून ‘झेड’पर्यंत गिरवायला लावतात. मला हे चुकीचं वाटतं. कर्सिव्हचा क्रम हाताच्या हालचालीवर ठरायला हवा, वर्णमालेवर नव्हे.

सुरुवात ‘ई’ आणि ‘एल’ने करा. मधल्या दोन निळ्या रेघांपैकी खालच्या रेघेवरून वर चढायचं, फास घ्यायचा, खाली यायचं आणि शेपटी उजवीकडे सोडायची. ‘ई’ वरच्या निळ्या रेघेला थांबतो, ‘एल’ त्याहून वर जातो, वळण एकच. ही शेपटी म्हणजेच पुढच्या अक्षराची सुरुवात. मग ‘आय’, ‘यू’, ‘टी’ सहज येतात. ‘आय’चा टिंब आणि ‘टी’ची आडवी रेघ मात्र शब्द पूर्ण झाल्यावरच.

‘ए’, ‘डी’, ‘जी’ यांच्या आधीची शेपटी लांबवावी लागते. घड्याळात एक वाजतो तिथवर ती न्यायची आणि त्याच रेषेवरून मागे फिरून गोल काढायचा. मुलं अलीकडेच वळतात, मग गोल उघडा राहतो.

खरी कसोटी ‘ओ’, ‘व्ही’, ‘डब्ल्यू’ आणि ‘बी’ची. ही अक्षरं वर संपतात, त्यामुळे जोडही वरूनच जातो. पुढे ‘एन’ असेल तर निभतं. ‘ई’ आला की मूल अडतं, कारण त्याला ‘ई’ खालून सुरू करायची सवय झालेली असते. शेपटीला किंचित झोल देऊन तिथूनच फास घ्यायचा, नाहीतर ‘ई’चा ‘आय’ दिसतो. ‘ओई’, ‘व्हीई’, ‘बीई’ अशा नुसत्या जोड्या आठवडाभर गिरवून घ्या, शब्द नंतर.

मराठी लिहिताना मूल प्रत्येक अक्षरानंतर हात उचलतं आणि शेवटी वर रेघ देतं. तीच सवय इथे आडवी येते. मोडीत उलट होतं: शिरोरेषा आधी आखायची आणि मग शक्यतो बोरू न उचलता लिहायचं. सलग लेखन आपल्याला परकं नाही.

‘आर’, ‘एस’, ‘एफ’ यांची वळणं शाळेगणिक बदलतात. घरी शिकवण्याआधी बाईंना विचारा. रोज दहा मिनिटं पुरेत. आणि मूल डावखुरं असेल तर हात बदलू नका, वहीचा माथा उजवीकडे कलवा.