अब्दुलरझाक गुर्ना यांच्या कादंबरीतील मौन

स्थलांतरिताविषयीच्या कादंबरीत तो काय सांगतो, याकडे समीक्षेचे लक्ष सहज जाते. तो काय सांगत नाही, हा प्रश्न अब्दुलरझाक गुर्ना यांनी केंद्रस्थानी आणला. गुर्ना यांचा जन्म १९४८ साली झांझिबारमध्ये झाला. १९६४ च्या क्रांतीनंतर तेथे अरबवंशीयांचा छळ झाला. त्या पार्श्वभूमीवर त्यांनी तरुणपणीच इंग्लंड गाठले. पुढे केंट विद्यापीठात त्यांनी दीर्घकाळ साहित्याचे अध्यापन केले. २०२१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

'अ‍ॅडमायरिंग सायलेन्स' (१९९६) या कादंबरीचा अनामिक निवेदक इंग्रज सहचारिणीला आपल्या भूतकाळाविषयी रचलेल्या कथा सांगतो आणि मायदेशातील कुटुंबाला तिच्याविषयी काहीच कळवीत नाही. दोन्हीकडे सोयीचे ठरलेले हे मौन अखेर त्याला दोन्ही घरांपासून तोडते.

'बाय द सी' (२००१) मध्ये मौनाचे कार्य निराळे आहे. वृद्ध सालेह ओमर दुसऱ्याच्या नावाचे पारपत्र घेऊन गॅटविक विमानतळावर उतरतो. इंग्रजी अवगत असूनही ती येत नसल्याचा बहाणा करून तो आश्रय मागतो. तपासणी करणारा अधिकारी त्याची ऊदाची पेटी काढून घेतो. ही पेटी केवळ स्मृतिचिन्ह नव्हे. मोसमी वाऱ्यांच्या आधाराने अरबस्तान, इराण, भारत आणि पूर्व आफ्रिका यांना शतकानुशतके जोडणाऱ्या व्यापाराचा तो अवशेष आहे. सालेहचे मूळ गावच येणाऱ्या-जाणाऱ्यांनी घडवलेले आहे. म्हणून त्याच्या स्थलांतराची कथा विमानतळावर सुरू होत नाही.

पारपत्रावरील नाव लतीफ महमूद या लंडनमधील प्राध्यापकाच्या दिवंगत पित्याचे असते. दोन्ही कुटुंबांत घराच्या मालकीवरून जुने वैर आहे. सालेह आपली समग्र कहाणी शासनयंत्रणेपुढे नव्हे, तर या लतीफपुढे उलगडतो. निवेदनही दोघांत विभागलेले असल्याने एकाची स्मृती दुसऱ्याच्या स्मृतीला छेद देते, दुरुस्त करते.

या रचनेतच गुर्ना यांच्या आशयाचे मर्म आहे. आश्रय देणारी यंत्रणा निर्वासिताकडून सुबक, सिद्ध करता येईल अशी हकिकत मागते. तशा हकिकतीत त्याचा अपराध, त्याचे ऋण आणि त्याचा संकोच यांना जागा नसते. सालेहचे मौन ही जागा राखून ठेवते. ते भाषेचा अभाव नसून योग्य श्रोत्याची प्रतीक्षा आहे.